गावलां काय?

मेटल डिटेक्टर घेऊन मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की पाच मिनिटांत कोणीतरी येऊन विचारतंच, "मास्तरांनू, काय हरावलां?" आणि दहा मिनिटांनी तोच माणूस परत येतो, "गावलां काय?" या दोन प्रश्नांच्या मध्ये काय करायचं असतं, ते माझ्या भाच्याने या पुस्तिकेत लिहिलं आहे. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याआधी काही वर्षं जहाजावर होता, आणि तिथून परत येताना इतरांनी सेंटच्या बाटल्या आणल्या तेव्हा याने एक लांब दांड्याचं यंत्र आणलं. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. म्हणून आधी "मामा, ऱ्हस्व-दीर्घ तेवढे बघ" असं म्हणून वही माझ्याकडे आली, आणि ती वाचता वाचता मीही यंत्र घेऊन वाळूत फिरायला लागलो. प्रस्तावना लिहायचा मान त्यामुळे मिळाला. लेखनाचे दोष माझे, खड्ड्यांचे त्याचे.

पुस्तक उघडणाऱ्याच्या मनात सोनं असणार, हे धरून चालतो. माझ्याही होतं. मालवणात धातू सगळ्यात जास्त कुठे पुरलेला आहे, हे शोधायला मात्र यंत्र लागत नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त झाला, आणि तटाच्या पायाचे दगड शिसं ओतून बसवले गेले. पाच खंडी शिसं लागलं असं सांगतात. साडेतीनशे पावसाळे त्या तटाने अंगावर घेतले. ते शिसं जिथे आहे तिथे राहू द्यावं आणि यंत्र घेऊन किल्ल्याच्या होडीत बसू नये, ही पुस्तिकेतली पहिली सूचना आहे. का, ते पुढे येईलच. पण पर्यटक ज्या उत्साहाने "किल्ल्यात काही असेल ना अजून?" असं विचारतात, तो बघून ही सूचना भाच्याने ठळक अक्षरांत छापायला लावली.

आपल्याकडे जमिनीखालचा धातू म्हटला की गुप्तधन आठवतं. त्यावर बसलेला नाग, राखणदार, आणि पायाकडून जन्मलेल्या पायाळू माणसाला ते दिसतं ही समजूत. मी लहान असताना आमच्या वाडीत एक पायाळू गृहस्थ होते. त्यांना आयुष्यात स्वतःचा चष्मासुद्धा कधी वेळेवर सापडला नाही. गंमत सोडा. यंत्र आल्याची बातमी पसरल्यावर एका रात्री घाटाकडचे दोघेजण भाच्याकडे आले. अमावास्येला एका जागी यायचं, सोबत पूजा सांगणारा एक माणूस असेल, निम्मा वाटा तुझा. त्याने त्यांना चहा दिला आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठी केलेले अघोरी प्रकार गुन्हा ठरतात, हे सांगितलं. चहा अर्धा टाकून गेले. नवशिक्याने हे आधीच ठरवून ठेवावं, कारण यंत्र घेतलं की अशी माणसं येतात.

आता यंत्राकडे. दांड्याच्या टोकाला जी चकती असते तिला कॉइल म्हणतात, कारण तिच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज फिरते आणि चकतीखाली चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असला की त्याच्या अंगात विजेचे बारीक भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांचं स्वतःचं क्षेत्र उलटून वर येतं, दुसरं वेटोळं ते ऐकतं आणि तुमच्या कानात 'टुंग' वाजतं. चांदी-तांब्यात भोवरे जोमाने फिरतात आणि जरा उशिराने विरतात, लोखंड वेगळंच वागतं. त्या फरकावरून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं. आकडा म्हणजे अंदाज. ते निदान नव्हे. पंचांग बघून पाऊस सांगणाऱ्यावर ठेवतो तेवढाच विश्वास त्याच्यावर ठेवावा.

या यंत्राच्या इतिहासातली एक गोष्ट मला नवशिक्यासाठी फार कामाची वाटते. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी अंगात कुठे रुतली ते डॉक्टरांना कळेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी धातू ओळखणारं यंत्र जुळवलं आणि ते रुग्णाच्या अंगावरून फिरवलं. आवाज नीट लागेना. जिकडेतिकडे वाजे. गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. त्यातून मुख्य डॉक्टरांनी उजवीच बाजू तपासू दिली आणि गोळी होती डावीकडे. सप्टेंबरात गारफिल्ड गेले. यंत्र बरोबर होतं, खाट चुकीची होती.

माझी खाट म्हणजे माझी चप्पल निघाली. पहिल्या दिवशी पाच-सहा ढांगा टाकेपर्यंत यंत्र सतत वाजत होतं आणि मी प्रत्येक ठिकाणी वाकून वाळू उपसत होतो. भाचा वाळूवर बसून बघत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मामा, पाय मागे घे." चपलेच्या बक्कलाने मला अर्धा तास नाचवलं होतं. तेव्हा घड्याळ, बक्कल, खिशातल्या किल्ल्या, हातातलं खुरपं सगळं चकतीपासून लांब. अंगठी काढून ठेवायची असेल तर घरी काढून ठेवा. किनाऱ्यावर काढून ठेवलीत तर पुढचं शोधकार्य तुमच्याच अंगठीचं होईल.

दुसरी फजिती अंगणात झाली. सरावासाठी घरच्या जमिनीत निरनिराळ्या वस्तू पुरून त्यांचे आवाज कानात बसवावेत, असं पुस्तिकेत सांगितलं आहे आणि ते बरोबरच आहे. पण आपली जमीन जांभ्याची. ज्या चिऱ्याने घर बांधतो तोच खाली पसरलेला. त्याचा तांबडा रंग हा लोखंडाचाच. रेडीला लोखंडाच्या खाणी निघाल्या तो हाच जिल्हा. यंत्राला सगळं अंगण म्हणजे एक मोठा गंजका तवा वाटला. ते किंचाळायला लागलं. तुळशीपासून न्हाणीपर्यंत मी चार खड्डे खणले आणि मिळाली एक मोडकी बिजागरी. घरात त्यावर जे बोललं गेलं ते प्रस्तावनेत लिहिण्यासारखं नाही. नंतर कळलं की यंत्राला आधी जमिनीची ओळख करून द्यायची असते. धातू नसलेल्या जागी चकती वर-खाली करत आवाज शांत होईपर्यंत जुळवून घ्यायचं आणि संवेदनशीलता कमी ठेवायची. नवशिका नेमकं उलट करतो. बटण शेवटच्या टोकापर्यंत फिरवतो, म्हणजे जास्त ऐकू येईल. येतं, पण जांभ्याचं.

समुद्रकाठची अडचण निराळी. कोरड्या वाळूत यंत्र शहाण्यासारखं वागतं. ओल्या वाळूत मीठ असतं, खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे ते कुरकुरायला लागतं. लाटांनी वाळूवर काळ्या रेघा ओढलेल्या दिसतात ना, त्या लोखंडाच्या संयुगांच्या जड कणांच्या असतात. एक लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या रेघेवरून फिरवून बघा, मिशा फुटल्यासारखं दिसतं. अशा जागी पल्स इंडक्शन जातीचं यंत्र बरं चालतं. ते ठोका देऊन थांबतं आणि परतीचा आवाज ऐकतं, मिठाकडे फारसं लक्ष देत नाही. पण त्याला लोखंड आणि सोनं यांतला भेद नीट सांगता येत नाही, त्यामुळे खिळेही तितक्याच भक्तिभावाने खणावे लागतात. कोणत्या कंपनीचं यंत्र घ्यावं यावर भाच्याने आठ पानं लिहिली होती. मी ती दीड पानावर आणली. पहिलं यंत्र साधं घ्या आणि वर्षभर तेच वापरा, एवढं त्यातून घेतलं तरी पुरे.

हात कसा फिरवायचा हे शब्दांत सांगणं कठीण, पण ज्यांनी सारवण केलंय किंवा बघितलंय त्यांना एका वाक्यात कळेल. सारवताना हात अर्धवर्तुळात फिरतो, जमिनीला सारख्या अंतरावर राहतो आणि दुसरा फेरा पहिल्याच्या अर्ध्यावर चढतो. चकती तशीच फिरवायची. बहुतेकजण झाडू मारतात. दोन्ही टोकांना हात वर उचलला जातो आणि नेमकं तिथलं राहून जातं. आमच्या आत्याने, वय पंचाहत्तर, यंत्र हातात घेतल्या घेतल्या जो हात फिरवला तो मला सहा महिन्यांत जमला नव्हता.

आणि खोली. सिनेमात माणूस कमरेइतका खड्डा खणतो. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोल असेल तर चांगल्या यंत्रालाही ती जेमतेम ऐकू येते. म्हणजे हा छंद वरच्या एका वितेचा आहे. त्या वितेत काय असतं? बाटल्यांची बुचं, गुटख्याच्या पुड्यांची चांदी, जाळ्याला लावलेल्या शिशाच्या गोळ्या, गळ, होड्यांचे खिळे, आणि नाणी. नाण्यांचा एक घोळ आहे. हल्लीचा एक रुपया आणि दोन रुपये ज्या पोलादाचे असतात त्याला चुंबक चिकटतो. त्यामुळे 'लोखंड नको' असं यंत्राला सांगून ठेवलं की ते बहुधा हे रुपयेही लोखंडाच्या खात्यात टाकून गप्प बसतं. पितळी छटेचा पाचाचा रुपया तेवढा खणखणीत वाजतो. भाच्याच्या वहीत एक नोंद आहे: 'एक रुपया. यंत्र म्हणतं खिळा. सरकार म्हणतं रुपया.' सोन्याच्या अंगठीची गोष्ट याहून वाईट. तिचा आकडा आणि ॲल्युमिनियमच्या झाकणाचा आकडा बऱ्याच वेळा शेजारीशेजारी येतात. ज्याला कचरा नको त्याने सोनंही सोडलं असं समजावं.

हे मला कळलं ते तारकर्लीला. एका वैशाखात. सांगलीकडचं एक नवं जोडपं, लग्नाला पुरता महिना नव्हता. नवऱ्याच्या बोटातली अंगठी पाण्यात गेली. पाण्यात बोटं गार पडून बारीक होतात आणि सैल अंगठी कधी निसटली ते कळतही नाही. अंगठी सासऱ्यांनी घातलेली होती, त्यामुळे मुलगी रडत होती आणि मुलगा रडायचा बाकी होता. कोणीतरी त्यांना भाच्याचा नंबर दिला. आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते आणि पाणी चढत होतं. कुठे पडली म्हणून विचारलं. तो म्हणाला इथे, ती म्हणाली तिथे. दोन जागांत चाळीसेक पावलांचं अंतर, आणि दोघांनाही पक्की खात्री.

भाच्याने त्यांचा फोन मागितला. संध्याकाळभर दोघांनी फोटो काढले होते. चार वाजून दहा मिनिटांच्या फोटोत अंगठी बोटात होती. चार पस्तीसच्या फोटोत बोट रिकामं. मधल्या एका फोटोत मुलगा गुडघाभर पाण्यात उभा, मागे ओढून ठेवलेली तांबडी होडी आणि तिच्या मागे दोन माड जवळजवळ एका रेषेत. होडी अजून तिथेच होती. माड कुठे जाणार? तो फोटो समोर धरून आम्ही किनाऱ्यावर इकडे-तिकडे सरकत राहिलो, दोन माड तसेच जुळेपर्यंत. मग वाळूत काठी रोवली आणि त्यांना सांगितलं, जेवा, झोपा, पहाटे पाचला या.

पहाटे पाचला का, तर त्या दिवशी पौर्णिमा होती. आमच्याकडे जुनी माणसं भरती तिथीवरून काढतात. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पुरी भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. अष्टमीला सहा. त्यानंतर सहाएक तासांनी सुकती, म्हणजे पुरी ओहोटी. मिनिटांचा फरक पडतो, पण मोबाइल बंद पडला तरी तिथी बंद पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे जातं. म्हणजे आदल्या दिवशी गुडघाभर पाणी होतं ती जागा पहाटे उघडी पडणार होती. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, ती तशी उघडी पडली नसती.

पहाटे पाणी मागे गेलेलं, वाळू आरशासारखी. दोन बांबू आणि नायलॉनची दोरी लावून दहा हात लांबीच्या पट्ट्या आखल्या. एक पट्टी संपली की दोरी एक पाऊल सरकवायची. कंटाळवाणं काम आहे आणि हेच खरं काम आहे. पहिल्या पट्टीत बूच. दुसरीत बूच, शिशाची गोळी आणि पाच रुपये. तिसरीत काही नाही. चौथ्या पट्टीत पुन्हा तोच मधला आकडा आला. माझी कंबर धरली होती. म्हटलं, "बूच असतलां, सोड." भाचा म्हणाला, "मामा, हयसर खण." जाळीच्या फावड्याने एक घास उचलला, पाण्यात हलवला. वाळू गळून गेली आणि तळाशी अंगठी राहिली. रात्रीतून एक अख्खी भरती-ओहोटी तिच्यावरून गेली होती तरी ती वीतभरच खाली उतरली होती. सोनं कशानेही काळं पडत नाही, हे पुस्तकात वाचलेलं त्या उजेडात दिसलं. जागा मुलीने दाखवलेल्या ठिकाणापासून बारा पावलांवर. त्या संसारात पुढे जागेविषयी वाद झाले असतील तर निकाल कोणाच्या बाजूने लागला असेल, सांगायला नको.

मोबदला म्हणून काही द्यायला लागले, ते आम्ही घेतलं नाही. चहा घेतला. तिथे रापणीच्या जाळ्याची दोरी आवरणारे एक म्हातारे हे सगळं बघत होते. ते जरा नाराज दिसले. "दर्याक गेलां तां दर्याचां," एवढंच म्हणाले. नारळी पौर्णिमेला दर्याला सोन्याचा म्हणून नारळ वाहणाऱ्या माणसाचं हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. मी त्यांना सांगितलं की त्या पोराने ती वाहिलेली नव्हती, सांडलेली होती. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखं काही दिसलं नाही.

वाहिलेलं, सांडलेलं आणि पुरलेलं हे तीन वेगळे प्रकार आहेत, आणि कायदाही जवळजवळ तसाच विचार करतो. सांडलेली वस्तू सापडली आणि मालक शोधता येण्यासारखा असूनही ती खिशात घातली, तर तो अप्रामाणिकपणे केलेला अपहार होतो. भारतीय न्याय संहितेचं ३१४ वं कलम त्यासाठी आहे. पुरलेल्याची गोष्ट जुनी. १८७८ सालचा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही चीज सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कोणत्या तारखेला. आणि ती चीज सरकारी खजिन्यात ठेवायची किंवा तिच्याबद्दल जामीन द्यायचा. दहा रुपये हा आकडा तेव्हापासून तसाच आहे. तेव्हा दहा रुपयांत काय काय येत असेल कोण जाणे, आज एक चहा येतो. मग जाहीर सूचना निघते, दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख मिळते, आणि कोणीच खरा धनी निघाला नाही तर शोधणारा आणि जागामालक यांच्यात वाटणी. आपसात वेगळं ठरलेलं नसेल तर तीन हिस्से शोधणाऱ्याला, एक मालकाला. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन ते घेऊ शकतं. न कळवता दडवली तर हिस्सा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कळवणाऱ्याला हा कायदा वाईट नाही. पण कळवतो कोण? २०२१ च्या डिसेंबरात पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात बांधकामाच्या खोदाईत निघालेली २१६ सोन्याची नाणी पोलिसांनी जप्त केली, ती कोणी कळवली म्हणून नव्हे, कुणकुण लागली म्हणून.

त्याशिवाय शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, आणि संरक्षित स्मारकं १९५८ च्या. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत आणि जुलै २०२५ मध्ये ज्या बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारशात झाली त्यांत हे दोन्ही आहेत. तिथे यंत्र न्यायचं नाही. पद्मगड, राजकोट, सर्जेकोट यांच्या आसपासही नाही. कुडोपीच्या सड्यावर कातळात कोरलेली चित्रं आहेत, तिथे तर खुरपं घेऊन बसायचाही विचार करू नये.

या बंदीबद्दल पोरं कुरकुरतात, म्हणून एक इंग्रजी शेतकरी सांगतो. १९९२ च्या नोव्हेंबरात सफोक परगण्यातल्या होक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने मेटल डिटेक्टर असलेल्या एरिक लॉज या निवृत्त माळ्याला बोलावलं. हातोडा शोधता शोधता चांदीचे चमचे आणि नाणी वर यायला लागली. लॉजने थोडं काढलं आणि हात थांबवला. कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाले आले आणि त्यांनी मातीसकट सगळं उचललं. रोमन काळातली जवळजवळ पंधरा हजार नाणी. त्याने हात थांबवला म्हणून ती नाणी कोणत्या पेटीत, कोणत्या क्रमाने, कशात गुंडाळून ठेवली होती हे कळलं. पुढे हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आपल्याकडे शिवराई सापडली की पहिलं काम म्हणजे ती चिंचेने घासून लखलखीत करणं आणि दुसरं म्हणजे भाव विचारणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', हे तर बाजारातल्या नकली शिवराईवरही असतं. ती कोणत्या मातीत, कोणत्या खापराशेजारी पडली होती, हे फक्त त्या जागेला माहीत असतं, आणि ते एकदाच विचारता येतं.

किनाऱ्यावर आम्ही स्वतःसाठी एक रेघ ठरवली आहे. वाळूवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. तिच्या वर चकती न्यायची नाही. वेल वाळू धरून ठेवते हे एक कारण. दुसरं कासवांचं. थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले माद्या भरतीच्या रेषेच्या वर येऊन घरटं करतात, आणि पिल्लं निघायला दीड-दोन महिने लागतात. आवाज आला म्हणून तिथे फावडं घातलं तर खाली काय असेल सांगता येत नाही, आणि कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मालवणचा सागरी अभयारण्याचा भाग १९८७ पासून राखीव आहे, तिकडे पाण्यात उतरायचा प्रश्नच नाही. उरलेल्या किनाऱ्यावरही ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आधी सांगून ठेवावं. आम्ही सांगतो. त्याने संशय कमी होतो आणि हरवलेल्या वस्तूंचे निरोप वाढतात.

सगळ्यात जास्त सापडतं ते पावसाळ्यानंतर. दर्या आषाढ-श्रावणात किनाऱ्याची वाळू ओढून नेतो आणि दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतो. मधल्या काळात वाळूचा थर पातळ असतो, जड वस्तू खालच्या कठीण थरावर येऊन थांबलेल्या असतात. फक्त त्या दिवसांत पाण्याची ओढ फसवी असते, तेव्हा एकट्याने जायचं नाही. सोबत जाड हातमोजे, कारण गंजलेला गळ बोटात घुसला की दवाखाना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. आणि तोफगोळ्यासारखं किंवा बॉम्बसारखं काही दिसलं तर हात न लावता ११२. खड्डा बुजवायचा. हे इतकं साधं आहे की त्यावर वेगळं प्रकरण कशाला, असं मी म्हटलं होतं. मग एका संध्याकाळी एका मुलाचा पाय आमच्याच अर्धवट बुजवलेल्या खड्ड्यात मुरगळला. प्रकरण ठेवलं.

पुस्तिकेच्या शेवटी कोरी पानं आहेत. त्यांवर रकाने: तिथी, सुकतीची वेळ, जागा, आकडा, काय गावलां, कोणाक दिलां. भाच्याने नमुना म्हणून स्वतःच्या वहीची दोन पानं छापली आहेत. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'कचरापेटी' आहे. मधूनमधून एखादं नाव होतं, ते आम्ही छापताना खोडलं. एका ओळीत तो रकाना कोरा आहे. दांडी किनारा, भाद्रपद, अमावास्येच्या आदल्या दिवशीची सुकती, चांदीचं जोडवं, एक. जोडवं जुन्या घडणीचं आहे, वरची नक्षी झिजून गुळगुळीत झालेली आणि आतली बाजू एका कडेला पातळ, म्हणजे ते उजव्या पायातलं असावं असं आत्या म्हणते. आम्ही मासळी बाजारात विचारलं, रापणीवाल्यांच्या घरी विचारलं. माझ्या टेबलाच्या खणात काडेपेटीत कापसावर ते ठेवलं आहे. डाव्या पायातलं ज्या कोणाकडे असेल तिने ते घेऊन यावं.